न विझवलेली काडी

देवीनं अमक्याला तारलं, तमक्याला वाट दाखवली असं कुणी सांगू लागलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघायचा, पाहिलं कुणी? ही खोड माहेरची. माझे वडील अकोल्याला वकील होते आणि आमच्या घरात आमटी खारट झाली म्हणायचं तरी साक्षीदार उभा करावा लागे. अशा घरातली मुलगी बार्शीटाकळीच्या पुजाऱ्यांच्या घरी सून म्हणून गेली, यात देवीची काही थट्टा असलीच तर ती मला फार उशिरा कळली. मी नास्तिक नव्हते. नमस्कार करत होते, उपासही धरत होते, पण मनातल्या मनात देवाला पिंजऱ्यात उभं करून त्याची उलटतपासणी घ्यायची सवय काही सुटली नव्हती. आज जे लिहिते आहे त्याला कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडे तो नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगते.

सासरी माणसं थोडीच होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावातल्या देवीची पूजा करत. माझे यजमान अकोल्याच्या एका शाळेत शिक्षक, त्यामुळे आमचं बिऱ्हाड अकोल्याला आणि सुट्ट्या बार्शीटाकळीला. मामंजी बोलायला मऊ आणि नियमाला कडक. त्यातही दिव्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. दिवा कधी फुंकून विझवायचा नाही. माणसाचा श्वास उष्टा, तो ज्योतीला लागता कामा नये. विझवायचाच झाला तर वात तेलात ओढायची. चूल पेटवून झाल्यावर हातातली आगपेटीची काडीसुद्धा झटकून विझवायची, फुंकायची नाही. निरांजन देवापुढे नेताना डावा हात तोंडावर ठेवायचा आणि श्वास रोखून धरायचा. लग्न झाल्यावर मी एकदा रॉकेलची चिमणी फुंकून विझवली, तर मामंजी उठले आणि देवघरात जाऊन बसून राहिले. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर जपून वागत असे आणि अकोल्याला परत आले की मनसोक्त फुंकत असे.

हे सगळं माझी मुलगी शकू टिपत होती. ती आजोबांची लाडकी. शाळेत जायला लागण्याआधी ती माझ्यापेक्षा त्यांच्याचजवळ जास्त राहिली. संध्याकाळच्या आरतीला निरांजन नेण्याचं काम तिचं, आणि ते काम करताना तिचा तो चिमुकला हात तोंडावर, गाल फुगलेले, डोळे ज्योतीवर असे काही खिळलेले असत की मला हसू आवरत नसे. मी हसले की ती रागावून आजोबांकडे पाही. आईला यातलं काही समजत नाही, असं तिनं त्यांना एकदा सांगितलंही होतं. ते दोघं एका पक्षाचे आणि मी विरुद्ध पक्षाची, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

महाराष्ट्राचं नवं राज्य झालं, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात शकूचा घसा धरला. आधी आम्हाला सर्दी वाटली. मग तिला गिळता येईना, मान सुजली, आणि श्वास घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी घशात बघितलं आणि घटसर्प आहे एवढंच म्हणून तिला उचलून आत नेलं. घशात पांढरा पापुद्रा धरला होता आणि हवेची वाट बंद होत आली होती. त्यांनी गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनळीत धातूची एक वाकडी नळी बसवली. मी दाराबाहेर उभी होते. आतला तो करवतीचा आवाज एकदम थांबला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण तो थांबला होता कारण पोरगी आता गळ्यातून श्वास घेत होती.

जीव वाचला. इंजेक्शनांनी रोगही हटला. पण नळी राहिली. तिच्या आत आणखी एक नळी असे, ती वरचेवर काढून उकळून धुवावी लागे, नाहीतर कफाने भरून जाई. फितीनं बांधलेली ती नळी गळ्यात घेऊन शकू पलंगावर बसून असायची. श्वास तिथूनच आत जाई आणि तिथूनच बाहेर येई, त्यामुळे तोंडातून आवाज म्हणून निघत नसे. रडली तरी आवाज नाही. नुसते ओठ वाकडे होत आणि नळीतून सूं सूं वारा येई. शाळा नुकतीच सुरू झालेली, लिहायला ती अजून शिकली नव्हती. काय हवं ते हातानं दाखवायची आणि आम्ही दहा चुकीच्या वस्तू पुढे केल्या की थकून डोळे मिटून घ्यायची. आपल्या मुलीचं मन आपल्याला कळतं अशी आईची समजूत असते. त्या दिवसांत माझी ती समजूत पार धुऊन निघाली.

नळी काढायची कधी, हा प्रश्न अकोल्याला सुटेना, म्हणून तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे घशाच्या कामात नाव असलेले एक डॉक्टर होते. शिवाय माझी थोरली बहीण, अक्का, अमरावतीला अंबादेवीच्या देवळापासून जवळच राहत असे, त्यामुळे जेवणाखाण्याची सोय झाली. यजमानांना शाळा सोडून किती दिवस राहता येणार? ते अकोल्याला परतले आणि शनिवार-रविवार येत राहिले. डॉक्टर मितभाषी होते, पण विचारलं तर नीट समजावून सांगत. मी एकदा त्यांना विचारलं, की रोग बरा झालाय तर नळी ओढून का काढत नाही? ते म्हणाले, "बाई, काढणं क्षणाचं काम आहे. काढल्यावर ती तग धरेल की नाही, हे आधी सांगता येणं, तेच सगळ्यात अवघड." घसा आतून मोकळा झाला असेल तर मूल नाकातोंडानं श्वास घेऊ लागतं. झाला नसेल आणि नळी काढली, तर श्वास अडतो आणि धावपळ करून पुन्हा गळा उघडावा लागतो. असं एका मुलाच्या बाबतीत त्यांनी पाहिलं होतं. ते मूल वाचलं, पण तेव्हापासून आपण घाई करत नाही, असं त्यांनी सांगितलं.

त्यांची परीक्षेची रीत साधी होती. नळीच्या तोंडाला बुचाचा तुकडा लावायचा आणि मूल वरून श्वास घेतं का ते बघायचं. पहिल्यांदा बूच लावलं तेव्हा शकू इतकी घाबरली, इतकी तडफडली की मीच पुढे धावून ते बूच उपटून काढलं. त्यावर सिस्टरनं मला दंडाला धरून व्हरांड्यात आणून बसवलं आणि तपासणीच्या वेळी आईनं आत यायचं नाही, असा हुकूम झाला. मी तो मुकाट्यानं पाळला. रोज सकाळी डॉक्टर आत जात, मी बाहेर कठडा धरून उभी असे, आणि बाहेर आले की ते मान हलवून सांगत, "नळी बंद केली की तोंडातून हवाच येत नाही." तपासतात कसं, हे मी विचारलं नाही. विचारून मला काय कळणार, असं वाटलं.

मग एके दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावून समोर बसवलं. घसा आतून आकसला असावा, असं त्यांचं मत झालं होतं. इथे याहून जास्त काही करता येणार नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यात त्यांनी खटपट करून जागा मिळवली होती, सोमवारी निघायचं होतं. तिथे गळा उघडून आतून दुरुस्तीचा प्रयत्न होईल. तो साधला तर ठीक, नाही तर नळी कायमची. मी विचारलं, आवाज? ते म्हणाले, आवाजाचं काही सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. मग राग कुणावर काढायचा, तर तो देवीवर निघाला.

अक्का कधीची मागे लागली होती की अंबादेवीला जाऊन ये, नागपूरला निघण्याआधी तिची ओटी भर. शुक्रवार होता, देवळात गर्दी. मी ओटीचं ताट घेऊन उभी राहिले आणि मनात जे भांडण सुरू केलं ते सांगायलाही मला आज संकोच वाटतो. बार्शीटाकळीला काय आणि इथे काय, देवी तूच, पिढ्यान् पिढ्या श्वास रोखून तुझ्यापुढे दिवे लावणारी माणसं आम्ही, आणि आमच्याच पोरीचा श्वास तुला कोंडायचा होता? मी पुष्कळ बोलले. बोलून बोलून शब्द संपले. मग अचानक थकायला झालं. त्या थकव्यात मी एकच म्हटलं, आता मी काही विचारत नाही आणि काही मागतही नाही, ही मुलगी तुझी, तुला काय करायचं ते कर. त्यात भक्ती होती की नुसता कंटाळा, हे मला सांगता येणार नाही. पण ओझं खाली ठेवल्यासारखं वाटलं, एवढं खरं. पुजाऱ्यांनी ओटीतला नारळ फोडून अर्धी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, एकट्यानं खाऊ नका, जवळपासच्यांना वाटा.

म्हणून, केवळ म्हणून, मी त्या दिवशी शकूच्या शेजारच्या खाटेपाशी गेले. तिथे तेल्हाऱ्याकडची एक बाई होती. बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं, त्यामुळे पाय फळीला बांधून तिला पडून राहावं लागे. तिचं बोलणं मोठ्यानं आणि सडेतोड, आणि माझं डोकं आधीच भणभणलेलं, म्हणून इतके दिवस मी तिच्याशी कामापुरतं सोडून काही बोलले नव्हते. खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो कपाळाला लावला आणि खायच्या आधी शकूकडे पाहून म्हणाली, "ताई, एक विचारू? पोरीले आगीचं भेव हाय का?"

मी म्हटलं, नाही बुवा. का?

"मंग डॉक्टर तिच्या तोंडासमोर काडी पेटवून धरते, फुंक म्हन्ते, तं हे तोंडावर हात ठेवून गप बसून काहून राह्यते? मी रोज पाहून राह्यली. मले वाटलं, लहानपनी चटका बसला असन."

मी शकूकडे पाहिलं. ती आमच्याकडेच बघत होती. मी विचारलं, डॉक्टर काडी पेटवतात तेव्हा तू काय करतेस, दाखव बघू. तिनं डावा हात उचलला, तोंडावर ठेवला, गाल फुगवले आणि समोर नसलेल्या ज्योतीवर डोळे खिळवले. बार्शीटाकळीच्या देवघरात ती निरांजन नेते, अगदी तशी. डॉक्टरांचं बोट नळीवर, वर तोंड मिटलेलं, श्वास रोखलेला, आणि हे सगळं कशासाठी, तर परक्या माणसाच्या हातातली दोन पैशांची काडी आपल्या उष्ट्या श्वासानं विझू नये म्हणून. मी तिथेच खाटेच्या कडेला बसून हसले आणि रडले. तेल्हाऱ्याची बाई घाबरून सिस्टरला हाका मारू लागली.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी तिला फुंकायला सांगत होतो आणि ती ज्योत सांभाळत होती. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?" मग लगेच सावध झाले. म्हणाले, याचा अर्थ घसा मोकळा आहे असा होत नाही. एवढाच होतो की आपल्याला अजून काही ठाऊक नाही. नागपूरची जागा त्यांना अशीच सोडता येत नव्हती. रविवारी संध्याकाळपर्यंत तोंडातून हवा आलेली दिसली तर थांबू, नाही तर सोमवारी गाडी. शनिवारी त्यांनी मला आत येऊ दिलं, आणि काडीऐवजी पिपाणी आणली, कागदाचं भिरभिरं आणलं. पण आता फार दिवस झाले होते. डॉक्टरांचं बोट नळीकडे आलं की शकूचा हात आपोआप तोंडावर जायचा, पुढे काडी असो की पिपाणी. मी समजावू लागले. वकिलाची मुलगी, मुद्दे काय कमी होते? ही काडी आहे, दिवा नाही. हा दवाखाना आहे, देवघर नाही. आणि आजारी माणसाला नियम लागू नसतो. शकूनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला पुढचं बोलवेना. चिमणी फुंकून विझवणाऱ्या बाईचं या बाबतीत काय ऐकायचं, असंच त्या नजरेत होतं.

तिला मोकळं करणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते बार्शीटाकळीला. पत्र टाकून उपयोग नव्हता, ते सोमवारनंतर पोचलं असतं. तार करावी तर त्या काळी तार म्हणजे मेल्याची बातमी, उघडून वाचण्याआधीच म्हाताऱ्या माणसाचा धीर सुटला असता. शिवाय ते आले असते कसे? देवीची पूजा सोडून मामंजी एक दिवसही गाव सोडत नसत. मुलाच्या लग्नालासुद्धा सकाळची पूजा आटपून निघाले होते आणि संध्याकाळच्या आरतीला परत जायची घाई त्यांनी वऱ्हाडाला लावली होती. काडीचं मी कुणालाही काही कळवलं नाही. देवळात म्हटलं होतं ना, तू काय करायचं ते कर? म्हटलं, आता बघू.

रविवारी सकाळी मी शकूची आतली नळी धुऊन आणत होते. दारातून यजमान येताना दिसले, नागपूरला सोबत न्यायला ते येणारच होते. त्यांच्या मागे हातात पितळी तांब्या घेऊन मामंजी येत होते. मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि आल्या आल्या त्यांनी मला काहीही न विचारता आधी शकूच्या छातीकडे पाहिलं, ती वरखाली होते की नाही ते. मग त्यांना स्टुलावर बसवलं. ते खालच्या आवाजात सांगू लागले. शनिवारी सकाळी पूजेला बसले असताना त्यांना एकाएकी खोकला आला. तोंडावर हात जायच्या आत खोकला फुटला आणि देवीपुढचा नंदादीप विझला. जन्मात असं झालं नव्हतं.

"मले वाटलं, आपली शकू गेली," मामंजी म्हणाले. "दिवा पुन्हा लावला, पूजा चुलतभावाच्या हाती देल्ली, अन् निंगालो." अकोल्याला मुलाच्या दारी पोचल्यावर पोरगी आहे हे कळलं, तरी त्यांचा धीर झाला नाही. तिला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही असं ठरवून ते बडनेऱ्याला गाडी बदलून इथवर आले होते.

मी त्यांना काडीची हकीगत सांगितली. सांगताना मला भीती वाटत होती. त्यांना दोष लावल्यासारखं होऊ नये म्हणून मी शब्द चाचपून वापरत होते. ते ऐकत राहिले. शकूनं त्यांचं बोट धरून ठेवलं होतं. माझं सांगून झाल्यावर त्यांनी तिच्या हातातून बोट सोडवलं. मग उठून, हातपाय धुऊन आले आणि डॉक्टरांना बोलवा म्हणाले.

डॉक्टर आले. मामंजींनी शकूला मांडीवर घेतलं. काडी त्यांनी स्वतः पेटवली. शकूचा हात लगेच तोंडावर गेला, आणि हे पाहून तिची मला कीव आली की अभिमान वाटला, ते आजही ठरवता येत नाही. मामंजी तिला म्हणाले, "बाई, काल माह्या श्वासानं देवीचा दिवा विझला. देवी रागावली नाही. तिनं मले तुह्याकडे धाडलं. आता पाय माह्याकडे." आणि सत्तरीतल्या त्या माणसानं, ज्यानं जन्मात कधी काडी फुंकली नव्हती, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली.

ती लागलीच नाही. पुढचे दात गेलेले, शिवाय सवय कुठली? वारा गालांतूनच कुठेतरी निसटला. ज्योत नुसती वाकली आणि पुन्हा सरळ झाली. त्यांनी परत जोर केला, तर मिशा तेवढ्या हलल्या. काडी जळत बोटापर्यंत आली तेव्हा त्यांनी सवयीनं ती झटकून विझवली, आणि आपणच केलेल्या घोटाळ्याकडे इतक्या बावचळून पाहिलं की शकू हसली. त्याच क्षणी डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं तिची नळी अलगद झाकली होती. हसू आलं ते आवाजासकट आलं. बारीक, घोगरं, गंजल्यासारखं, पण आवाज. तिचा स्वतःचा. शकू स्वतःच दचकली. तेल्हाऱ्याची बाई खाटेवरून म्हणाली, "हासली वो माय," आणि पदरात तोंड खुपसून रडू लागली.

मामंजींनी दुसरी काडी पेटवून शकूपुढे धरली. तिनं आधी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग तिनं तोंडावरचा हात खाली घेतला आणि एका फुंकरीत ती ज्योत विझवली. धुराची रेघ वर गेली. डॉक्टरांनी अजून एक पेटवायला सांगितली, मग अजून एक. त्या पोरीनं अर्धी आगपेटी संपवली. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि सिस्टरला म्हणाले, नागपूरला कळवा, जागा दुसऱ्या कुणाला द्या.

तरीही त्यांनी घाई केली नाही. आधी काही तास बूच ठेवलं, मग दिवसभर, मग झोपेतसुद्धा. शकू आता बुचाला भीत नव्हती. वरून श्वास घेता येतो हे तिला एकदा कळलं होतं. ती हळूहळू बोलूही लागली. पहिला शब्द कुठला असेल याची मी मनात खूप चित्रं रंगवली होती, तर ती तेल्हाऱ्याच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "तिले खोबरं." मग एका सकाळी डॉक्टरांनी फीत सोडली, नळी बाहेर काढली आणि भोकावर पट्टी चिकटवली. भोक आपोआप भरून येईल, तुम्ही फक्त तिच्याकडे लक्ष ठेवा, असं सांगून ते तिथेच खुर्ची ओढून बसले. मला आत राहू दिलं होतं.

दुपारी शकूला झोप लागली. गळ्यात नळी नाही, सूं सूं आवाज नाही, आणि ती शांतता मला सहन होईना. मी माझा तळहात तिच्या नाकापुढे धरला. ऊन ऊन वारा हाताला लागला, थांबला, पुन्हा लागला. मी हात तसाच धरून बसले. जन्मभर मी देवाकडे पुरावा मागत आले होते. देवळात मागायचं सोडलं, आणि आता तो माझ्या हातावर येत होता, जात होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून मान फिरवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मी पुसलंही नाही, कारण त्यासाठी हात काढावा लागला असता.

आता शकूला तिची स्वतःची मुलगी आहे. गळ्यावरचा व्रण मंगळसूत्राच्या वाटीमागे कुठे लपतो ते शोधावं लागतं. मामंजी बार्शीटाकळीला परत गेल्यावर त्यांना पुन्हा कधी फुंकर मारताना कुणी पाहिलं नाही, आणि आम्हीही तो विषय काढला नाही. देवीनं खोकला पाठवला का? प्रसाद वाटायला लावला का? आजही मी वकिलाचीच मुलगी आहे, शपथेवर काही सांगणार नाही. एवढं समजलं की ज्या नियमानं माझ्या मुलीचा श्वास कोंडला होता तो ज्यानं घालून दिला, त्यानंच तो तिच्यासाठी सोडला, आणि सोडताना त्याला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. भक्ती म्हणजे काय, हे मला तिथे दिसलं. धरून ठेवण्यात ती होतीच, पण हात उघडला तेव्हाही ती गेली नाही.

लोकांना नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या नियमाला मी इतकं हसले, तो मी आज घरात एकटी असतानाही पाळते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा तोंडावर पदर धरते. ज्योत विझेल म्हणून नव्हे. पदराआड माझाच श्वास माझ्या ओठांना परत लागतो, ऊन ऊन. मी तिथे जरा वेळ उभी राहते आणि मग दिव्याला नमस्कार करते.